सांगून फसवणारी कला

वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी दिली आहे. गाणे, वाजवणे, नाचणे, चित्र काढणे यांच्याच पंगतीत तिथे इंद्रजाल बसलेले आहे, आणि हस्तलाघव, म्हणजे आपली हातचलाखी, ही वेगळी कला म्हणून मोजली आहे. या कलेची आजची पत काय हे पाहायचे तर राज्याचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा उघडावा. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा वस्तू विकायला धरणे या निमित्ताने पैसे मागितले, तर ते भीक मागण्याच्या व्याख्येत येते. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट देताना सर्कस, नृत्य आणि नाटक यांची नावे घेतली गेली. जादूच्या प्रयोगाचे नाव तिथे नाही. संगीताला घराणी आहेत, नाटकाला राज्य स्पर्धा आहे, लावणीला महोत्सव आहेत. जादूला आपल्याकडे टाळ्या भरपूर मिळतात, जागा मात्र मिळालेली नाही. मुलांच्या वाढदिवसाला, गॅदरिंगला किंवा यात्रेतल्या तंबूत तासभर करमणूक करणारी गोष्ट, एवढीच तिची ओळख उरली आहे. ही ओळख अपुरी आहे असे मला वाटते. पाहणाऱ्याला आधी सांगून, त्याच्या संमतीने फसवणारी ही एकच कला आहे, आणि ज्या समाजात न सांगता फसवणारे पुष्कळ असतात तिथे तिची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

हे म्हणणे वाशिम जिल्ह्यातून तपासून पाहायला खास कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा यात्रांचा आहे. रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरचा बंजारा समाज लोटतो. रिसोड तालुक्यातल्या लोणीत सखाराम महाराजांची यात्रा भरते, मंगरूळपीरला बिरबलनाथांची. आणि मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी राहिली आहे अशी भाविकांची श्रद्धा, आणि एके काळी तिच्याखालून घोडेस्वार जाऊ शके अशी आख्यायिका. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या वादात सुमारे बेचाळीस वर्षे बंद राहिलेले हे दर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये खुले झाले. माणूस किंवा मूर्ती अधांतरी असणे हे दृश्य जादूच्या रंगमंचावरही जुनेच आहे. १८३० च्या सुमारास मद्रासमध्ये शेषाल नावाचा माणूस एका काठीवर हात टेकून जमिनीपासून वर, हवेत बसून दाखवत असे. त्याची चित्रे युरोपात छापली गेली. १८४० च्या दशकात पॅरिसच्या रोबेर-उदँ या जादूगाराने आपल्या मुलाला तसेच अधांतरी ठेवण्याचा प्रयोग रंगमंचावर आणला. पण शिरपूरचा भाविक आणि जादूचा प्रेक्षक यांची सांगड घालणे चूक ठरेल. भाविक मंदिरात माथा टेकायला जातो. तिथे कोणी खेळ मांडलेला नसतो. प्रेक्षक तिकीट काढतानाच जाणून असतो की समोरचा माणूस देव नाही, कारागीर आहे. या दोन्ही जागा आपापल्या ठिकाणी शाबूत राहिल्या तर कुणाचेच बिघडत नाही. बिघडवतो तो तिसरा माणूस. तो युक्ती जादूगाराची घेतो आणि अधिकार देवळाचा मागतो.

हा तिसरा माणूस आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले; त्याचा शिलालेख तिथे आहे. त्याच अजिंठ्याच्या लेण्यांत श्रावस्तीचा चमत्कार कोरलेला आणि रंगवलेलाही आढळतो. पाली परंपरेतल्या कथेप्रमाणे श्रावस्तीला बुद्धांनी खाल्लेल्या आंब्याची कोय जमिनीत लावली गेली आणि तिचा बघता बघता वृक्ष झाला. कोयीतून आंब्याचे झाड उगवण्याचा हाच खेळ भारतातले मदारी शेकडो वर्षे रस्त्यावर करत आले. पण त्याच बौद्ध परंपरेत विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची गोष्ट आहे. उंच टांगलेले चंदनाचे भिक्षापात्र त्याने ऋद्धीच्या बळावर उडून खाली आणले. लोक खूष झाले. बुद्धांनी मात्र त्याची कानउघाडणी केली आणि गृहस्थांपुढे असे चमत्कार दाखवण्यास भिक्षूंना मनाई केली. अद्भुताची गोडी आणि अद्भुताच्या जोरावर मान मिळवण्याविषयीची सावधगिरी एकाच परंपरेत अशी शेजारी शेजारी नांदते. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात एक दृष्टान्त देतात: ढालतलवार घेऊन दोरावरून आकाशात चढताना दिसणारा मायावी वेगळा, आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा. हा दृष्टान्त पटायचा तर वाचणाऱ्याला दोरीच्या खेळाची ओळख हवी, आणि तो खेळच आहे हेही माहीत हवे. वेदान्ताचा सर्वांत कठीण मुद्दा समजावायला आचार्यांना जादूगार लागला, एवढी या कलेची बौद्धिक पत होती. एकनाथांच्या भारुडांतही गारुडी येतो तो अध्यात्म सांगायलाच.

त्याच भूमीत युक्तीचा दुसरा उपयोगही लिहून ठेवलेला आहे. शत्रूचे नगर घेण्याआधी राजाने आपण सर्वज्ञ आहोत आणि देव आपल्याशी बोलतात असा लौकिक पसरवावा, त्यासाठी भुयारातून देवतेच्या मूर्तीपर्यंत माणसे पोहोचवावीत आणि त्यांच्याशी राजाने सर्वांदेखत संवाद करावा, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. ही पूर्ण रंगभूमी आहे. नेपथ्य आहे, संवाद आहेत, प्रेक्षक आहेत. फक्त प्रेक्षकांना आपण प्रेक्षक आहोत हे माहीत नाही. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने वर उल्लेखलेल्या रोबेर-उदँला अल्जीरियाला पाठवले ते याच कामासाठी. तिथल्या धर्मपुरुषांचा प्रभाव मोडून फ्रेंचांची शक्ती मोठी आहे हे ठसवायचे होते. त्याच्याकडे एक छोटी पेटी होती. लहान मूलही ती उचलू शके. मग तो एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाला पुढे बोलावून सांगे की तुझी शक्ती मी काढून घेतली, आणि त्या माणसाला पेटी हलवता येत नसे. खाली विद्युतचुंबक होता. पॅरिसमध्ये हाच प्रयोग निखळ आनंदाचा होता आणि अल्जीअर्समध्ये तो गुलामी घट्ट करण्याचे साधन झाला. पेटी तीच, चुंबक तोच, माणूसही तोच. बदलला तो प्रेक्षकाशी असलेला संबंध. म्हणून जादूचे मोल युक्तीवरून ठरवता येत नाही. याउलट हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकाच्या चौथ्या अंकात ऐंद्रजालिक येतो, आकाशात देव दाखवतो, अंतःपुराला लागलेली आग उभी करतो आणि त्या खोट्या आगीतून नाटकाचा खरा उलगडा होतो. सातव्या शतकातल्या नाटककाराला जादूगार रंगमंचावर आणून त्याच्याकडून कथेचे काम करून घेता येत होते.

आता ही कला जवळून पाहू, कारण ‘यात कला ती काय, नुसती चलाखी’ असा आक्षेप घेणारे सहसा दुरून बोलत असतात. मदाऱ्याच्या वाट्यांचा खेळ घ्या. तीन लाकडी वाट्या, माथ्यावर बोटांत धरायला गाठ, आणि कापडाच्या चार-पाच गोळ्या. खाली मळकी चादर, शेजारी डुगडुगी. ना पडदा, ना दिवे, ना मागची बाजू. प्रेक्षक चहूबाजूंनी, आणि पोरे तर अगदी गुडघ्याशी. एक गोळी वाटीखाली जाते, हात उलटा होतो, वाटी उचलली की गोळी नाही. ती शेजारच्या वाटीखाली निघते, मग दोन निघतात, मग तिन्ही वाट्यांखाली आंबे किंवा लिंबे. बोटांची चपळाई यात असतेच, पण खेळ तरतो तो वेळेच्या जाणिवेवर. जेव्हा गोळी खरोखर हलते तेव्हा मदारी काहीच करत नसतो. त्या क्षणी तो आपल्या साथीदाराला, जमुऱ्याला, हाक मारतो, जमुरा उलट उत्तर देतो, लोक हसतात. हसताना माणसाचे डोळे उघडे असतात पण पहारा सुटलेला असतो. आणि जेव्हा मदारी डमरू वाजवून, फुंकर मारून सगळ्यांना वाटीकडे टक लावायला सांगतो, तेव्हा काम होऊन गेलेले असते. कारण आणि परिणाम यांच्यात त्याने एक हसू ठेवलेले असते, म्हणून पाहणाऱ्याला त्या दोहोंचा सांधा लागत नाही. संवादाची फेक, थांबा, नजरेची दिशा, अंगाचा कल हे सगळे एका माणसाने, रस्त्याच्या गोंगाटात, अर्ध्या हातावर बसलेल्या प्रेक्षकापुढे साधायचे. नटाला निदान चौथी भिंत असते. या कलेत एक चूक झाली की सगळा डाव उघडा पडतो. गायकाचा सूर क्षणभर हलला तरी मैफल उरते. इथे उरत नाही.

या रस्त्यावरच्या कलेने मराठी माणसाला रंगमंचापर्यंत आणि पुढे पडद्यापर्यंत नेले. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. आपले आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव त्यांनी घेतले होते, आणि पुढे याच नावाने त्यांनी स्वतःची जादू पडद्यावरही आणली. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटात फाळके पहिल्यांदा दिसतात ते जादू करताना, ते यामुळेच. वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी सलग दाखवली, ते आंब्याच्या कोयीच्या खेळाचेच नवे रूप होते, असे मी म्हणेन. पण फाळक्यांचे मोठेपण मला ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीत दिसते. कृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, केले. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती कृष्ण नसते. एक मुलगी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा डोळ्यांदेखत कृष्ण होतो. समोर देव आल्यासारखे वाटून लोक पडद्याला हात जोडत त्या काळात दिग्दर्शकाने आधी सांगून टाकले की ही माझी मुलगी आहे, हा अभिनय आहे, आता पाहा. जादूगाराचा धर्म त्यांनी सिनेमात नेला तो असा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रंगमंचीय जादूची भारतातली ओळख पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी घडवली. महाराजाचा पोशाख, ‘इंद्रजाल’ हे नाव, वाद्यवृंद, झगमगते पडदे हे सगळे त्यांनी असे मांडले की परदेशी जादूगारांनी भारताच्या नावावर खपवलेली गूढता भारतीयाच्या ताब्यात परत आली. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी मुलीला करवतीने कापले, आणि ती उठून उभी राहण्याच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली. लंडनला फोनचा भडिमार झाला. वेळेचा तो कट आधी ठरवलेला होता की अपघात, यावर जाणकार अजून वाद घालतात. माझ्या मते वेळ हेच ज्याचे हत्यार, त्याच्या हातून असा अपघात होत नाही. मराठीत हेच काम पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी केले. १९२४ साली जन्मलेले रघुवीर भोपळे यांनी मराठी कुटुंबाला सहकुटुंब पाहता येईल असा जादूचा प्रयोग रूढ केला, परदेशांतही दौरे केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा पुढे चालवला. नाट्यगृहात तिकीट लावून, मराठीतून बोलत, विनोद करत, प्रेक्षकांतल्या मुलाला वर बोलावून केलेला तो प्रयोग अंगाऱ्याधुपाऱ्यापासून पूर्ण तुटलेला होता. ‘जादू’ म्हटले की करणी, भानामती आठवण्याच्या काळात तीन पिढ्यांनी ती हसऱ्या चेहऱ्याने मंचावर उभी केली, हे मराठी समाजावरचे ऋण आहे. त्याची नोंद आपल्या नाट्येतिहासात फारशी झालेली नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. जादूचे प्रयोग अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाहीत का? ‘मी जादूगार आहे’ एवढे सांगितले की लोक समजतात, असे मानणे भोळेपणाचे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात बेनासी आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांपुढे एका हौशी जादूगाराला उभे केले. काही वर्गांना सांगितले की हा अतींद्रिय शक्तीचा माणूस, काहींना सांगितले की हा जादूगार आहे. दुसऱ्या गटातल्याही निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे खरी अतींद्रिय शक्ती आहे असेच लिहिले. हा निष्कर्ष माझ्या प्रतिपादनाच्या मुळावर येणारा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्यातून मी एवढेच घेतो की तोंडदेखली सूचना संमती मिळवायला पुरेशी नाही. संमती प्रयोगाच्या घडणीतच असावी लागते. फाळक्यांनी नुसती पाटी लावली नाही, रूपांतर डोळ्यांसमोर घडवले. मदाऱ्याचा जमुरा उस्तादाची टर उडवतो, तेव्हा उस्ताद माणूसच राहतो. रघुवीरांच्या परंपरेतला जादूगार विनोद करतो, आणि सिद्धपुरुष म्हणून मिरवणाऱ्याला विनोद परवडत नाही. उलट, गंभीर चेहऱ्याने मनातले ओळखण्याचे, भविष्य सांगण्याचे जे प्रयोग हल्ली लोकप्रिय आहेत, त्यांच्यावर ही जबाबदारी कितीतरी जास्त आहे. ‘देहबोली वाचून ओळखले’ असे खोटे शास्त्रीय कारण देणे हेही मला अप्रामाणिक वाटते, कारण मग प्रेक्षक घरी जाताना एक नवी अंधश्रद्धा घेऊन जातो.

महाराष्ट्रात या आक्षेपाला कृतीने उत्तर मिळालेले आहे. नागपुरातून काम करणारे श्याम मानव आणि त्यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती, तसेच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, यांच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत हजारो वेळा जिभेवर कापूर पेटवला, पाणी टाकून नारळ पेटवला, जिभेतून त्रिशूळ आरपार गेलेला दाखवला आणि लगेच त्यामागची युक्ती समजावून दिली. हेच काम इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये पुस्तक लिहून केले होते. चेटकीण ठरवून बायकांना फासावर देऊ नका, हे पटवताना त्याने हातचलाखीच्या युक्त्या उघड केल्या. अमेरिकेत १९२० च्या दशकात जादूगार हुदिनी मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांच्या बैठकांत जाऊन त्यांचे बिंग फोडत असे. या सगळ्यांना बुवाबाजी कळली ती त्यांना जादू कळत होती म्हणून. रसायनाचा प्राध्यापक पेटलेल्या नारळामागचा सोडियम सांगू शकेल. पण बुवाने तो नारळ नेमका कोणत्या क्षणी बदलला हे जादूगारालाच दिसते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी अध्यादेश व नंतर नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याने तिसऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवले. पण त्याला ओळखण्याची नजर समाजात तयार करणे हे शिकवण्याचे काम आहे, आणि ते शिकवणाऱ्यांत जादूगाराला बसवायला हवे.

मग सगळ्याच युक्त्या उघड करून का टाकू नयेत? चळवळीतल्या काही मंडळींचे असे मत असते, आणि यूट्यूबवर तर ते रोज घडतेच आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात वाट्या-गोळ्यांच्या खेळाचा उल्लेख करून म्हटले होते की ही फसवणूक निरुपद्रवी आहे, तीच आपल्याला आवडते, आणि ती कशी केली हे दाखवले की रस संपतो. फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून आपले सारे काम लोकांना दाखवले, तरी लोकांचा रस संपला नाही. दोघांचेही बरोबर आहे. चित्रपटाची कृती समजली तरी कथा उरते; वाटीखालची गोळी कुठे गेली हे समजले की तेवढ्यापुरते काही उरत नाही. माझे मत असे की ज्या युक्त्या बुवा वापरतात त्या चव्हाट्यावर मांडाव्यात, निःसंकोच मांडाव्यात, कारण तिथे गुप्ततेचा फायदा ठगाला होतो. पण एखाद्या कलावंताने वर्षानुवर्षे घासून तयार केलेला प्रयोग मोबाइलवर अर्ध्या मिनिटात उघडा करणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे, आणि त्यातून कुणी शहाणे होत नाही. उकल ऐकलेल्या माणसाला वाटते की आता मला कळले, मी फसणार नाही. हाच सर्वांत मोठा भ्रम.

हा भ्रम आहे हे प्रयोगाने दाखवता येते. जादूगार चेंडू वर उडवतो, झेलतो; पुन्हा उडवतो, झेलतो; तिसऱ्यांदा हात वर जातो, नजर वर जाते, पण चेंडू हातातच राहतो. गुस्ताव कून आणि मायकल लँड यांनी २००६ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगाराने नजर वर नेली तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी चेंडू हवेत जाऊन नाहीसा झालेला ‘पाहिला’. गंमत अशी की त्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तेव्हा डोळे त्या न उडालेल्या चेंडूमागे वर गेलेच नव्हते. बऱ्याच जणांची नजर जादूगाराच्या चेहऱ्यावर होती. डोळ्यांनी फसवले नव्हते, अपेक्षेने फसवले होते. हे कळणे युक्ती कळण्यापेक्षा मोलाचे आहे, आणि ते फक्त फसून कळते. ‘आता मोबाइलवर काहीही दिसते, जादू कोण बघणार’ या आक्षेपाचे उत्तरही इथेच आहे. पडद्यावर काहीही दिसू शकते, म्हणूनच तिथे दिसलेल्याचे नवल उरलेले नाही. अडीच हातांवरच्या जिवंत माणसाच्या रिकाम्या मुठीतून नाणे निघते तेव्हा नवल वाटते. आणि व्हॉट्सअॅपवर बनावट व्हिडिओ फिरत असताना, खोट्या पोलिसाच्या फोनवर ‘डिजिटल अरेस्ट’ होऊन शिकलीसवरलेली माणसे आयुष्याची पुंजी घालवत असताना, लक्ष कसे वळवले जाते, घाई कशी केली जाते, अधिकाराचा आवाज कसा काढला जातो याचा अनुभव माणसाला कुठेतरी सुरक्षितपणे मिळायला हवा. ठगाची आणि जादूगाराची हत्यारे सारखीच आहेत. जादूगाराच्या हातून फसताना फक्त खिसा शाबूत राहतो. एक प्रयोग पाहून माणूस शहाणा होईल असा दावा मी करत नाही. बेनासी आणि सिंगर यांचा अनुभव समोर असताना तो करताही येणार नाही. पण चांगल्या जादूगाराबरोबर शाळेत दोन तास बसलेल्या मुलाला आपण किती सहज फसतो हे एकदा कळले, तर त्याला पुढे कुणाची बोलणी ऐकताना थांबून विचार करण्याचे कारण मिळते.

वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यात कलेवर खर्च कशाला, असे विचारले जाईल. पण जादूला लागते काय? नाट्यगृह नसले तरी चालते, शाळेचा व्हरांडा पुरतो. केरळमध्ये गोपीनाथ मुतुकाड यांनी १९९६ मध्ये तिरुवनंतपुरमला जादूची अकादमी उभी केली आणि तिथे ही कला रीतसर शिकवली जाऊ लागली. महाराष्ट्रात फाळके आणि रघुवीर होऊन गेले, तरी अशी एकही संस्था सरकारी आधाराने उभी नाही. राज्य नाट्य स्पर्धेत जादूचा वेगळा विभाग करायला फार पैसा लागणार नाही. मानोरा, रिसोड, कारंजा इथल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याबरोबर एक व्यावसायिक जादूगार बोलवावा, एकाने उकल सांगावी आणि दुसऱ्याने पुन्हा फसवून दाखवावे. यात्रेत झुल्याला आणि उपाहारगृहाला जागा आखून देतात तशी खेळवाल्यालाही द्यावी. आणि रस्त्यावर खेळ करणाऱ्या मदाऱ्याचे काय? दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात १९५९ ची व्याख्या अजून तशीच आहे. तीतून खेळ करून दाखवणाऱ्याचा उल्लेख काढून टाकायला विधिमंडळाला एका ओळीची दुरुस्ती पुरेल.